शाळकरी मुलांची मानसिक उभारी मोजायची आहे? सोलापुरात हे काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत पहिल्यांदा प्रश्नावल्या घेऊन गेले आणि नववीच्या दोन तुकड्यांकडून ८४ कागद भरून आणले. घरी येऊन ते जमिनीवर मांडले. ३१ कागदांवर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाचाच्या आकड्यालाच गोल होता. ‘मी लवकर सावरतो’ याला पाच आणि ‘मला सावरायला फार वेळ लागतो’ यालाही पाच. मुलं खोटं बोलली नव्हती. वर्गशिक्षिका फळ्याजवळ उभ्या होत्या, मी लिहिलेली भाषा मुलांच्या डोक्यावरून गेली होती आणि हे सगळं कशासाठी चाललंय ते मी कुणाला धड सांगितलंच नव्हतं. दोन महिन्यांची मेहनत वाया गेली. त्याहून वाईट म्हणजे त्या मुलांचा एक तास मी फुकट घेतला.

नंतर समुपदेशक म्हणून बऱ्याच शाळांत हे काम केलं. आता एम.एड., एम.एस.डब्ल्यू. करणारी मुलंमुली आणि काही शिक्षकही विचारायला येतात. प्रत्येकाला तेच ते सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढते आहे.

१. आधी ठरवा, नेमकं काय मोजायचं

रेझिलियन्सला, म्हणजे संकटानंतर पुन्हा सावरण्याला, पुस्तकात ‘मानसिक लवचिकता’ म्हणतात. हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकात राहू द्या, मुलांसमोर नको. लवचिक म्हटलं की नववीच्या पोराला मल्लखांब आठवतो. मी ‘उभारी’ किंवा ‘सावरणं’ म्हणते. ‘खंबीर’ हा शब्दही टाळते, कारण आपल्या घरांत खंबीर म्हणजे न रडणारा. बाप गेल्यावर डोळ्यांतून टिपूस न काढलेला मुलगा सावरलेला असेलच असं नाही. आतून तो पार मिटून गेलेलाही असू शकतो.

ही कल्पना समजून घ्यायची तर हवाई बेटांपैकी कवाई बेटावरचा अभ्यास वाचाच. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग त्यांच्या मोठेपणापर्यंत ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं मोठेपणी नीट मार्गी लागली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे आयुष्यात जीव लावणारं निदान एक मोठं माणूस असणं. ते आईवडीलच असतील असं नव्हे, आजी असेल, शिक्षक असेल, शेजारीण असेल. पुढे २००१ मध्ये ॲन मास्टन यांनी हेच मांडलं, की ही काही निवडक मुलांची अलौकिक शक्ती नाही. साध्या, रोजच्या आधारांतून ती तयार होते.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचं कारण आहे. उभारी हा मुलाच्या अंगचा गुण आहे असं तुम्ही मनात धरलंत, तर तुमचे सगळे प्रश्न ‘तू कसा आहेस’ याच वळणाचे होतील. मुलाला घर, शाळा आणि गल्ली काय देते याचाही त्यात वाटा आहे असं धरलंत, तर प्रश्न बदलतात आणि शेवटी शाळेला सांगायला काहीतरी हाती लागतं. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, आणि पुढचं सगळं त्याच बाजूने लिहिलंय.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या हातून हमखास सुटते. ‘सावरला’ म्हणायला आधी काहीतरी पडझड झालेली असावी लागते. जुळे सोलापुरातल्या सुस्थितीतल्या घरातल्या, अजून कसलीच झळ न बसलेल्या मुलाला भरपूर गुण मिळाले आणि विडी घरकुलातल्या मुलीला, जिच्या वडिलांचा यंत्रमाग बंद पडलाय आणि जी शाळेतून येऊन आईला तेंदूची पानं कापून देते, तिला थोडे कमी मिळाले, तर ‘मुलगा जास्त कणखर’ असा निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून गुणांच्या जोडीला अडचणींची एक छोटी यादी ठेवा: गेल्या वर्षभरात घरात मोठं आजारपण, मृत्यू, काम सुटणं, घर किंवा शाळा बदलणं. फक्त हो किंवा नाही. मारहाण, दारू, छळ असे प्रश्न घालायचे असतील तर पायरी ६ वाचल्याशिवाय घालू नका.

२. साधन निवडा, पण मुलं डोळ्यांसमोर ठेवून

सगळ्यांनी मान्य केलेली एकच उत्तम मोजपट्टी या विषयात नाही. २०११ मध्ये विंडल आणि सहकाऱ्यांनी १५ मोजपट्ट्या तपासल्या होत्या, त्यांनाही असं ठाम नाव घेता आलं नाही. तेव्हा निवड तुम्हालाच करायची आहे. नेहमी समोर येणाऱ्या या:

कॉनर-डेव्हिडसन मोजपट्टी, २००३. २५ वाक्यं, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ० ते १००. तिची १० वाक्यांची छोटी आवृत्ती २००७ मध्ये आली. मूळ काम मोठ्या माणसांवर झालेलं आहे. वापरायला लेखकांची परवानगी घ्यावी लागते, शुल्कही असतं.

ब्रीफ रेझिलियन्स स्केल, २००८. फक्त ६ वाक्यं, १ ते ५ गुण, शेवटी सरासरी. दुसरं, चौथं आणि सहावं वाक्य उलट अर्थाचं. संकटानंतर माणूस किती लवकर सावरतो, एवढंच ती विचारते. घर, मित्र, शाळा यांचं त्यात काही नाही.

सीवायआरएम, म्हणजे मुलं आणि तरुणांसाठीची उभारीची मोजपट्टी. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या मायकल उंगार यांच्या गटाने ११ देशांतल्या मुलांशी बोलून ती घडवली. आधी २८ वाक्यं होती. २०१९ ची सुधारित आवृत्ती १७ वाक्यांची आहे: १० स्वतःबद्दल आणि आजूबाजूबद्दल, ७ घरच्या मोठ्यांशी असलेल्या नात्याबद्दल. एकूण गुण १७ ते ८५. पाच पर्याय जड जात असतील तर तीन पर्यायांचीही आवृत्ती आहे. मोफत मिळते.

याशिवाय नॉर्वेत किशोरांसाठी तयार झालेली २८ वाक्यांची ‘रीड’ आहे आणि ९ ते १८ वयासाठीची प्रिन्स-एम्बरी यांची ६४ वाक्यांची विकतची चाचणीही आहे.

सोलापूरच्या आठवी ते दहावीसाठी मी १७ वाक्यांची सीवायआरएम घेते. मुलाला ‘तू किती मजबूत’ एवढंच न विचारता ‘तुला कोण आहे’ हेही ती विचारते, म्हणून. एका तासिकेत आरामात भरून होते.

यातला सापळा असा, की सीनियरने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ जशीच्या तशी वापरली जाते. त्यात वाक्यं गाळलेली असतात, क्रम बदललेला असतो, गुण कसे द्यायचे ते नसतं. साधन मूळ ठिकाणाहूनच मागवा आणि परवानगीचा मेल छापून फाइलला लावा. आग्र्याच्या प्रकाशकाकडून विकत आणलेली भारतीय चाचणी असेल तर तिची पुस्तिका उघडून पाहा, की ती कोणत्या भाषेच्या, कोणत्या वयाच्या मुलांवर तपासली होती. हिंदी पट्ट्यातल्या कॉलेजच्या मुलांवर तयार झालेले निकष अक्कलकोटच्या आठवीच्या मुलीला लावता येत नाहीत.

३. भाषा: निम्मं काम इथे आहे

पद्धत सगळ्यांना माहीत असते. एकाने इंग्रजीतून मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने मराठीतून परत इंग्रजी करायचं, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून पाहायचं. ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये सांगितलेली ही उलट भाषांतराची रीत गाइडही मागतात. ती कराच, पण तेवढ्यावर थांबू नका. माझं भाषांतर या कसोटीला उत्तम उतरलं होतं आणि वर्गात सपशेल आपटलं.

‘कठीण प्रसंगानंतर मी सावरते’ असं एक वाक्य होतं. साखर पेठेतली एक मुलगी, घरी तेलुगू बोलणारी, हळूच म्हणाली, ‘मॅडम, सावरते म्हणजे पाहुणे गेल्यावर घर आवरते तसं ना?’ तिने त्याला पाच दिले होते. घर खरंच तीच आवरत होती.

दुसरा फटका ‘समाज’ या शब्दाने दिला. ‘माझ्या समाजात मला न्यायाने वागवलं जातं.’ मला म्हणायचं होतं गल्ली, वस्ती, आजूबाजूची माणसं. मुलांनी वाचलं ‘आमच्या समाजात’, म्हणजे आपल्या जातीत. उत्तरं त्या हिशोबाने आली. इतरांकडून मिळणारी वागणूक कशी, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. आता मी लिहिते: ‘आम्ही राहतो त्या भागात लोक माझ्याशी नीट, बरोबरीने वागतात.’

‘पालक’ हा तिसरा शब्द. मुलांच्या लेखी पालक म्हणजे पालक सभेला सही करायला येणारा माणूस. आईवडील ऊसतोडीला गेलेले आणि स्वतः आजीकडे राहिलेले मूल तिथे अडखळतं. ‘घरातली मोठी माणसं (जी तुझ्याकडे बघतात ती)’ असं लिहिलं की ते आजीला धरून उत्तर देतं.

म्हणून भाषांतर पक्कं करण्याआधी सहा ते आठ मुलं घेऊन बसा. प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायला लावा आणि दोनच गोष्टी विचारा: ‘हे तुझ्या शब्दांत सांग’ आणि ‘हे वाचून कुठली गोष्ट आठवली?’ दुसऱ्या प्रश्नात सगळं बाहेर येतं.

आपलं शहर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांत बोलतं. शाळेचं माध्यम मराठी आहे म्हणून मुलाची भाषा मराठी आहे असं समजू नका. मी विचारते, ‘घरी भांडण कुठल्या भाषेत करता?’ याचं उत्तर खरं येतं. तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं बरीच असतील तर ती भाषा जाणणारं माणूस सोबत न्या. वेगळ्या भाषेतली प्रश्नावली हवी असेल तर तिचंही भाषांतर याच रीतीने करायचं, ऐनवेळी तोंडी भाषांतर करायचं नाही.

पर्यायांचंही तसंच. ‘काही प्रमाणात’ आणि ‘बऱ्याच प्रमाणात’ यातला फरक मुलांना कागदावर कळत नाही. मी पाच घागरी काढते: रिकामी, पाव, अर्धी, पाऊण, काठोकाठ. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात घागर किती भरली हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मूळ मांडणीत असा बदल केलात तर अहवालात तसं नमूद करा.

४. परवानग्या आणि कागदपत्रं

यात घाई केली तर पुढे सगळं अडतं. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या एथिक्स कमिटीची (संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आधी, शाळा नंतर. खासगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापकांची लेखी परवानगी लागते, अनेक शाळा शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांचं पत्रही मागतात. महापालिकेच्या शाळांसाठी महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जावं लागतं, आश्रमशाळांसाठी त्यांच्या संबंधित विभागाकडे. अर्जाची पोच घ्या, तारखेसह.

फाइलमध्ये एवढं हवं:

– एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र
– मोजपट्टी वापरण्याची परवानगी
– शाळेचं आणि लागू असेल तिथे शिक्षण खात्याचं पत्र
– पालकांचं संमतीपत्र, घरच्या भाषेत
– मुलाचं स्वतःचं संमतीपत्र
– प्रश्नावलीची मूळ इंग्रजी प्रत, मराठी प्रत आणि उलट भाषांतर
– मदत लागल्यास कुणाला कळवायचं त्याची यादी
– कॉलेजचं ओळखपत्र, कोरे कागद, जास्तीची पेनं (पेनं खरंच न्या, प्रत्येक वर्गात पाच-सहा जणांकडे नसतात)

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती लागते, आणि १२ ते १८ वयाच्या मुलाचा स्वतःचा होकारही लेखी घ्यावा लागतो. पालक हो म्हणाले आणि मूल नाही म्हणालं, तर ते नाहीच.

संमतीपत्र दप्तरातून घरी पाठवलं की दुसऱ्या दिवशी शंभर टक्के सह्या येतात. एकदा मी त्या सह्या नीट पाहिल्या, तर अर्ध्या मुलांनी मधल्या सुट्टीत स्वतःच केलेल्या होत्या. काहींनी वडिलांचं नाव शुद्ध, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, पण त्यांच्या दाखल्यावर मात्र वडिलांचा अंगठा होता. आता मी पालक सभेला जाते, संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवते, प्रश्न विचारू देते आणि तिथेच सही किंवा अंगठा घेते. अंगठा असेल तर साक्षीदाराची सही. विडी कारखान्यात माल द्यायला गेलेल्या आया सभेला येत नाहीत, त्यांच्यासाठी संध्याकाळी वस्तीत जावं लागतं. वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही.

५. तारीख

जूनमध्ये नको, वर्ग बसलेले नसतात. परीक्षेच्या आठवड्यात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नको. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा मुलांचं मन वर्गात नसतं. पंढरपूर भागात आषाढीच्या सुमाराला नको. दहावीला फेब्रुवारीनंतर हात लावू नका. मला जुलैचा शेवट ते ऑगस्ट आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर डिसेंबरपर्यंतचा काळ बरा वाटतो. मात्र दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांतली काही मुलं शाळेतून गायब असतात. तुमच्या विषयाला नेमकी तीच महत्त्वाची असतील तर ऑगस्टच धरा.

६. त्रासात असलेलं मूल समोर आलं तर: हे आधीच ठरवून जा

उभारीचे प्रश्न वरवर सौम्य दिसतात. ‘घरच्यांसोबत मला सुरक्षित वाटतं.’ या एका ओळीवर एक मुलगी माझ्यासमोर पाच मिनिटं पेन धरून बसली होती. तिने गोल केला नाही आणि वाक्य सोडूनही दिलं नाही. मी शेजारी जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, ‘नको असेल तर राहू दे.’ तिने कागद पालथा ठेवला. तास संपल्यावर ती स्वतःहून आली. त्या दिवशी माझ्याकडे कुठलीच तयारी नसती तर मी तिला काय सांगितलं असतं, याचा विचार अजूनही येतो.

म्हणून वर्गात शिरण्याआधी या गोष्टी पक्क्या हव्यात. शाळेतला एक विश्वासू माणूस ठरलेला असावा, जो त्याच दिवशी मुलाशी बोलू शकेल. चाइल्डलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ हे दोन्ही मोफत क्रमांक प्रत्येक मुलाला छापील चिठ्ठीवर द्या, एकट्यादुकट्याला नको, म्हणजे कुणी उठून दिसणार नाही. पुढच्या उपचारांसाठी सिव्हिल हॉस्पिटलचा मनोविकार विभाग आहे. गावाकडच्या शाळा असतील तर राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली मैत्री क्लिनिकं १० ते १९ वयाच्या मुलांसाठीच आहेत. तुमच्या जवळचं कोणतं आणि कोणत्या वारी उघडं असतं, हे आधी स्वतः जाऊन पाहून या.

गुप्ततेचं वचन देताना जपून बोला. ‘तुम्ही सांगाल ते कुणालाही कळणार नाही’ असं म्हणू नका, कारण ते खरं नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुम्हाला समजलं तर पॉक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मी सुरुवातीलाच सांगते: ‘तुमचं नाव कुठे येणार नाही. फक्त कुणाच्या जिवाला धोका आहे किंवा कुणी तुम्हाला इजा करतंय असं मला कळलं, तर मी गप्प बसणार नाही, मदतीला माणूस आणेन. पण आधी तुम्हाला सांगेन.’ मुलांना हे कळतं. यामुळे ती बोलायची थांबतात असा माझा अनुभव नाही.

७. प्रत्यक्ष वर्गात

शिक्षक वर्गाबाहेर. हे मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा, ऐनवेळी शिक्षकांना बाहेर जायला सांगणं त्यांना अपमानाचं वाटतं. एका बाकावर दोघं असतील तर मध्ये दप्तर ठेवायला सांगा. ‘भूक लागली की घरी पुरेसं खायला असतं’ या वाक्यावर मुलं शेजाऱ्याच्या कागदाकडे बघतात, हे मी प्रत्येक वर्गात पाहिलंय. शेजारी पाहतोय म्हटल्यावर रिकामी घागर कोण निवडेल?

फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘ही परीक्षा नाही. बरोबर-चूक नाही.’ कागदावर नाव नको, क्रमांक टाका. पहिली दोन वाक्यं सगळ्यांसोबत मोठ्याने वाचून सोडवा, पण ती सरावाची असू द्या, मोजपट्टीतली नकोत. मग एकेक वाक्य तुम्ही वाचा, मुलं गोल करतील. यामुळे वाचनात मागे असलेली मुलं सुटत नाहीत. ‘मॅडम, यात काय लिहू?’ असं कुणी विचारलं तर वाक्य पुन्हा वाचा, स्वतःचं उदाहरण देऊ नका. तुम्ही दिलेलं उदाहरण पुढच्या दहा कागदांवर उत्तर म्हणून येतं.

त्या दिवशी गैरहजर कोण, हे हजेरीपटावरून लिहून घ्या आणि आठवड्याच्या आत दोनदा परत जा. आजारी आईजवळ थांबलेलं, कामाला गेलेलं किंवा शाळेत यायचंच नाही असं ठरवलेलं मूलच बहुधा गैरहजर असतं. त्यांना वगळलंत तर तुमची सरासरी चांगली दिसेल आणि चुकीची असेल.

८. गुण देणं आणि हिशोब

एक्सेलमध्ये एका मुलाला एक ओळ. उलट वाक्यांचे गुण सहामधून वजा करा (पाचाच्या मोजपट्टीत ४ चे २ होतात). एखादं वाक्य सुटलं असेल तर काय करायचं ते पुस्तिकेत पाहा आणि सगळ्यांना तोच नियम लावा. एकसारखी उत्तरं असलेले कागद वेगळे काढा आणि किती काढले ते लिहा. लपवू नका. आकडेमोडीला जॅमोवी किंवा जास्प ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत.

क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे मोजपट्टीतली वाक्यं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढाच, आणि तुमच्याच मुलांवरून काढा. कॅनडातल्या लेखातला आकडा उतरवून चालत नाही. साधारण ०.७० च्या वर असावा असं मानतात. कमी आला तर कोणतं वाक्य घोळ करतंय ते शोधा. बहुतेक वेळा तो भाषांतराचा दोष निघतो.

आता एक हिशोब, जो शिकवणीत पटकन उरकला जातो. समजा तुमच्या गटाचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) ९ आणि अल्फा ०.८४ आला. १ मधून ०.८४ वजा केले की ०.१६, त्याचं वर्गमूळ ०.४, गुणिले ९ म्हणजे ३.६. ही मोजमापाची चूक. दोन्ही बाजूंना या चुकीच्या साधारण दुप्पट धरलं, तर ५८ गुण मिळालेल्या मुलाचा ‘खरा’ आकडा साधारण ५१ ते ६५ यांमध्ये कुठेही असू शकतो. उभारी वाढवायला तुम्ही घेतलेल्या कार्यशाळेआधी ५८ आणि नंतर ६२ आले, म्हणून त्या मुलात सुधारणा झाली असं म्हणता येणार नाही. दोन्ही वेळच्या चुका धरल्या तर एका मुलाच्या बाबतीत सुमारे १० गुणांचा फरक पडल्याशिवाय बदलाचं नाव घेऊ नका. पूर्ण गटाची सरासरी बदलली तर गोष्ट वेगळी, पण तिथेही कार्यशाळा न झालेला तसाच दुसरा वर्ग तुलनेला हवा. नाहीतर परीक्षा संपल्याचा आनंद तुमच्या कार्यशाळेच्या नावावर जमा होतो.

‘इतक्याच्या खाली कमी, इतक्याच्या वर जास्त’ असे परदेशी तक्ते सापडतील. ते सोलापूरच्या मुलांना लावू नका.

९. शाळेत परत जा

हे काम बहुतेक जण टाळतात. मुख्याध्यापक म्हणतील, ‘कमी गुणांच्या मुलांची नावं द्या, लक्ष ठेवतो.’ देऊ नका. एका शाळेत माझ्या आधी कुणीतरी अशी यादी दिली होती. वर्षभर त्या मुलांना ‘ती डिप्रेशनवाली’ म्हणून हाक मारली गेली. ही मोजपट्टी निदान करत नाही आणि मुलांना वर-खाली लावण्यासाठीही नाही.

त्याऐवजी वाक्यनिहाय सरासरी दाखवा. एका शाळेत ‘मित्र माझ्या पाठीशी असतात’ याला भरघोस गुण होते आणि ‘शाळेत मी आपला वाटतो’ याला सगळ्यात कमी. कारण विचारल्यावर मुलांनीच सांगितलं: वर्गात तेलुगू बोललं की दंड व्हायचा. मुख्याध्यापकांनी तो दंड त्याच महिन्यात बंद केला. मुलाला बदलायला सांगण्यापेक्षा हे सोपं होतं, आणि ते त्यांच्या हातात होतं.

मुलांनाही सांगा, वर्गात उभं राहून, दहा मिनिटांत, त्यांच्या भाषेत. कुणाचा आकडा कुणाला नाही, सगळ्यांचं मिळून काय दिसलं तेवढंच. ती फार बारकाईने ऐकतात आणि तुमच्या चुकाही काढतात. त्या लिहून घ्या.

१०. कागद सांभाळणं

नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी एका कुलपात, भरलेल्या प्रश्नावल्या दुसऱ्या. यादीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका. एथिक्स कमिटीला जितकी मुदत लिहून दिली असेल तितका काळ कागद ठेवा, मग स्वतः बसून बारीक फाडा. रद्दीत मात्र घालू नका. आपल्याकडे जुन्या वह्या-कागदांत शेंगदाणे बांधून मिळतात, आणि रिकाम्या घागरीवर गोल केलेला कागद तसा कुणाच्या हातात पडता कामा नये.